हरवलेली अनुक्रमणिका

आपल्या व्यापारी घरांत वहीचा मान मोठा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तिच्यासमोर बसायचे, पहिल्या पानावर स्वस्तिक रेखायचे, 'शुभ' आणि 'लाभ' लिहायचे आणि मगच नव्या वर्षाचा पहिला आकडा मांडायचा. आग, पाणी आणि वाळवी सोडली तर ती लाल कापडी वही कशाला भीत नसे. आज गुलमंडीपासून जाधववाडीच्या मोंढ्यापर्यंत कोणत्याही दुकानात पाऊल टाका, रोजमेळ आणि खतावणी गल्ल्याखालच्या एका काळ्या डब्यात जाऊन बसलेली दिसेल. पूजन अजूनही होते, परंतु पुजली जाते ती कोरी वही. खरी वही त्या डब्यात असते, आणि तिच्या आत डोकावण्याची मालकाला सवडही नसते आणि इच्छाही.

या डब्याविषयी लिहावेसे वाटले, त्याला निमित्त घडले ते गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, शहागंज भागात कापडाचा घाऊक व्यापार करतात. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण या तालुक्यांतील लहान दुकानदार त्यांचे गिऱ्हाईक. सणाच्या तोंडावर माल उचलायचा आणि कापूस-मका विकला गेला की पैसे आणून द्यायचे, हा तीन पिढ्यांचा शिरस्ता. गेल्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, उभी पिके पाण्याखाली गेली, त्यामुळे वसुली लांबणार हे दाजींनी गृहीत धरले होते. लांबलेल्या उधारीचे दुःख व्यापाऱ्याला पचवता येते. उधारी किती आणि कोणाकडे, हेच कळेनासे झाले तर मात्र काय करायचे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

भाचा बी. कॉम. झाला आणि गादीवर आला तेव्हापासून हिशेब त्याच्याकडे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज दहाला सुरक्षेची डागडुजी मिळणार नाही, ही सूचना त्याच्या पडद्यावर वारंवार येत होती. विंडोज अकरा घ्यायचे तर जागा हवी, आणि सी ड्राइव्ह गच्च भरलेला. डी ड्राइव्ह मात्र बहुतांश मोकळा. दुकानाची सहा वर्षांची टॅलीतील सारी माहिती त्या डी ड्राइव्हमध्ये होती. त्याने कुठूनसा एक फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवून घेतला. त्याने डिस्कचे चित्र पट्ट्यांच्या रूपात दाखवले : सुरुवातीला शंभर एमबीची एक बिननावाची पट्टी, मग सी, मग डी. भाच्याचा तर्क असा, की या पट्ट्यांच्या मधल्या रेषा म्हणजे भिंती. वाड्यातील दोन खोल्यांमधली भिंत काढली तर सामान जागच्या जागी राहते आणि दालन मोठे होते. म्हणून त्याने डीची पट्टी काढून टाकण्याचा हुकूम दिला, आणि बिननावाची पट्टी कोणाच्याच कामाची दिसेना म्हणून तीही काढली. इंग्रजीत एक इशारा आला, त्यावर 'होय' म्हटले. प्रोग्रामने यंत्र पुन्हा सुरू करायला सांगितले. ते बंद झाले, सुरू झाले, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली : सुरू करता येईल असे काही सापडत नाही.

हा तर्क मला मूर्खपणाचा वाटत नाही. 'पार्टिशन' हा शब्दच भिंतीचा आहे. शब्दाने फसवले तर तरुण माणसाला किती दोष द्यायचा? परंतु त्या दुपारी दुकानात हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. "मुनीमजींनी चाळीस वर्षं वही लिहिली, एक पान हरवलं नाही," दाजी म्हणाले, "आणि यानं एका बोटानं सगळं दुकान पुसलं." त्यानंतर ते मुलाशी बोलेनासे झाले. भाचा जेवला नाही. संध्याकाळी बाजारातील एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने यंत्र पाहिले न पाहिले आणि सांगितले, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो, रात्रीपर्यंत चालू." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. दहापैकी नऊ गिऱ्हाइकांना यंत्र चालू व्हायला हवे असते, आतल्या मजकुराची चौकशी कोणी करत नाही. सुदैव एवढेच, की त्याने पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी बहिणीने मला फोन केला. मी तिला इतकेच सांगितले, "वायर काढून ठेव, आणि मी येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नकोस."

मी काही संगणकतज्ज्ञ नाही. पण ज्या काळात बँकेत शिरलो, तो काळच या यंत्रांच्या आगमनाचा होता. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि शाखांमध्ये खतावणी नोंदवणारी यंत्रे येऊ लागली. कर्मचारी संघटनांचा विरोध, ज्येष्ठ सहकाऱ्यांची धास्ती, हे सारे जवळून पाहिले. पुढे शाखा पूर्णपणे संगणकीकृत झाली, तेव्हा दिवसअखेरीची प्रत काढण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. टेपच्या दोन प्रती निघत. एक शाखेच्या तिजोरीत आणि दुसरी शाखेच्या इमारतीबाहेर, असा दंडक होता. पावसात ती दुसरी प्रत पिशवीत घालून नेताना आम्ही कुरकुरत असू. तिचे मोल त्या वेळी कोणाला कळले होते असे म्हणवत नाही.

त्याहून जुनी एक आठवण मला या प्रसंगी अधिक उपयोगी पडली. हाती लिहिण्याच्या दिवसांत खातेवह्यांसोबत एक अनुक्रमणिकेची वही असे. अमक्याचे खाते कोणत्या खतावणीत, कितव्या पानावर, एवढेच तीत लिहिलेले. ती गहाळ झाली तर काउंटरवर हाहाकार उडे, कारण एकही खाते सापडत नसे. परंतु खतावण्या तर कपाटात जशाच्या तशा असत. त्या एकेक उघडून अनुक्रमणिका पुन्हा तयार करता येई. अट एकच : दरम्यान कोणा उत्साही कारकुनाने ती पाने कोरी समजून त्यांवर नवी खाती लिहायला घेता कामा नये.

डिस्कचेही नेमके असेच आहे. १९८३ साली आयबीएमचा एक्सटी संगणक दहा एमबीची डिस्क घेऊन बाजारात आला आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने डिस्कचे विभाग पाडण्याची सोय केली. त्या विभागांचे कोष्टक डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात लिहिलेले असे. तो कप्पा ५१२ बाइटांचा, त्यात कोष्टकाच्या वाट्याला ६४ बाइट, आणि नोंदी फक्त चार. कोणता विभाग कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढाच त्यातील मजकूर. आजच्या डिस्कवर याची सुधारलेली आवृत्ती असते. तिला जीपीटी म्हणतात. तीत साधारणतः १२८ नोंदींची जागा असते आणि कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. विभाग काढून टाकला म्हणजे या कोष्टकातील एक ओळ खोडली जाते. आतील मजकुराला त्या क्षणी धक्का लागत नाही. 'फॉरमॅट मारून नवीन विंडोज' म्हणजे मात्र तो उत्साही कारकून.

दुसरी प्रत असते, मग ती कामी का आली नाही, असे चौकस वाचक विचारतील. मलाही तोच प्रश्न पडला होता. कोष्टकाचा एखादा भाग बिघडला तर दुसऱ्या प्रतीचा आधार मिळतो. येथे बिघाड नव्हताच, रीतसर हुकूम होता; आणि हुकूम दोन्ही प्रतींवर बजावला जातो. धनादेश रद्द करण्याच्या पत्रावर खातेदाराची सही असेल तर बँक तो सगळ्या नोंदींत रद्द करते, तसे. जी प्रत मूळ लेखातील प्रत्येक बदल त्याच क्षणी स्वतःवर उतरवून घेते, ती चुकीच्या हुकमापासून वाचवू शकत नाही. इंटरनेटवर आपोआप जुळवून ठेवल्या जाणाऱ्या फोल्डरवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

राहिली ती बिननावाची शंभर एमबीची पट्टी. यंत्राला वीज मिळाली की त्यातील मूळ व्यवस्था प्रथम तिचा शोध घेते. विंडोजला उठवणारा छोटा प्रोग्राम त्या पट्टीत असतो. वाड्याच्या देवडीवर झोपणारा, जुडगा कमरेला बांधलेला राखणदार म्हणा. त्याची खोली लहान, दारावर पाटी नाही, म्हणून ती रिकामी समजली गेली.

रविवारी सकाळी मी आमच्या सोसायटीतील एका मुलीला सोबत घेऊन गेलो. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ती घरूनच संगणक दुरुस्तीची कामे करते. तिने आल्याबरोबर दोन प्रश्न विचारले : "यानंतर कोणी काही टाकलं का यात?" आणि "डिस्क फिरणारी आहे की चिपची?" पहिल्याचे उत्तर 'नाही' निघाले, दुसऱ्याचे 'फिरणारी'. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा कुठे थोडे समाधान दिसले. चिपच्या, म्हणजे एसएसडी डिस्कमध्ये मोकळ्या झालेल्या जागेची आतून सफाई करण्याची सोय असते. ती एकदा झाली की मजकूर परत येत नाही. आणि नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे कुलूप बहुधा आधीच लागलेले असते. त्याची ४८ अंकी किल्ली आपल्याजवळ नसेल, तर डिस्क सुखरूप हाती येऊनही काही वाचता येत नाही. ती किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवा, हे मी प्रत्येक नातेवाइकाला आता सांगत असतो.

तिने मूळ डिस्कवर काहीही करण्याचे नाकारले. आधी तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क आणायला लावली आणि पेनड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करून जुन्या डिस्कची कप्प्यागणिक नक्कल त्या नव्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. रिकामे, भरलेले, खोडलेले, सर्व कप्पे जसेच्या तसे. एक टेराबाइटची नक्कल. सेकंदाला शंभर एमबीच्या वेगानेही पावणेतीन तास लागतात. आम्हाला चारच्या आसपास लागले. "आता जे काय व्हायचं ते नकलेवर होईल," ती म्हणाली. बँकेत मूळ दस्त तिजोरीत ठेवून काम छायाप्रतीवर करण्याची आमची रीत होती. मुलगी मला एकदम आपल्यातली वाटली.

त्या चार तासांत मी दाजींना आणि भाच्याला एका टेबलाशी बसवले. आज ही माहिती मिळालीच नाही असे धरून चालू, मग काय काय दुसरीकडून उभे करता येईल? नोंदणीकृत व्यापाऱ्यांना दिलेली बिले मासिक विवरणपत्रात एकेक करून भरलेली असतात, ती जीएसटीच्या पोर्टलवर ऑगस्टपर्यंत मिळणार. सप्टेंबरचे विवरण ११ ऑक्टोबरपर्यंत द्यायचे होते, ते राहिले होते. आणि त्याच महिन्यात, २२ तारखेपासून, कराचे दर बदलल्याने अर्धी बिले एका पद्धतीची आणि अर्धी दुसऱ्या. खरेदीची बाजू पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांतून निघेल. बँकेतून आलेले-गेलेले पैसे खातेउताऱ्यात आहेत. लेखापरीक्षकांकडे मागील वर्षाची तेरीज आहे. इथवर येईपर्यंत भाच्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

मग मी विचारले, "नोंदणी नसलेल्या दुकानदारांकडची बाकी?"

दोघेही गप्प झाले. अशा विक्रीची पोर्टलवर केवळ एकत्रित बेरीज जाते. कोणाकडे किती राहिले, कोणी रोखीने हप्ता दिला, कोणाला गेल्या वर्षी दुष्काळी सवलत दिली, याची नोंद जगात एकाच ठिकाणी होती आणि ते ठिकाण त्या क्षणी समोरच्या टेबलावर घरघरत होते. सरकारच्या नियमापुरतीच वही पुन्हा उभी राहणार होती. दाजींच्या विश्वासाची वही नाही. "ते लोक खोटं बोलणार नाहीत," दाजी हळूच म्हणाले, "पण त्यांना तरी कुठं आठवणार आहे? ते तर आम्हालाच विचारतात." घाऊक व्यापारात धन्याची वही हीच गिऱ्हाइकाचीही वही असते, हे मला इतकी वर्षे बँकेत काढून त्या दिवशी उमगले.

नक्कल पूर्ण झाल्यावर तिने टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम चालवला. फ्रान्सचे ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तो लिहिला असून तो विनामूल्य व मुक्त आहे. त्याची रीत आमच्या कपाटातील खतावण्या उघडून पाहण्यासारखीच. कोष्टकावर विश्वास न ठेवता तो डिस्कवर विभागाच्या आरंभीच्या खुणा शोधत जातो. विंडोजच्या पद्धतीत प्रत्येक विभागाच्या पहिल्या कप्प्याची एक नक्कल त्याच विभागाच्या शेवटच्या कप्प्यात असते. आरंभ आणि शेवट जुळले की विभागाची लांबी सिद्ध होते. काही मिनिटांत पडद्यावर ओळी उमटल्या. शंभर एमबीची पट्टी सापडली. सी होताच. आणि त्याखाली डी. तिने लगेच 'लिही' म्हटले नाही. आधी डीमधील यादी उघडून दाखवली, आणि भाच्याला विचारले, "हेच ना?" टॅलीच्या फोल्डरचे नाव वाचून तो उठून बाहेर गेला. बहीण त्याच्या मागोमाग गेली. कोष्टक पुन्हा लिहिले गेले तेव्हा तो खोलीत नव्हता.

नवी डिस्क यंत्रात बसवून सुरू केले तर विंडोज उठेना. या वेळी निळ्या पडद्यावर वेगळीच तक्रार. दाजींनी कपाळाला हात लावला. मुलगी शांत होती. कोष्टकात प्रत्येक विभागाला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. ओळी नव्याने लिहिल्या गेल्या तेव्हा क्रमांकही नवे पडले, आणि राखणदाराच्या चिठ्ठीवर मात्र जुनेच क्रमांक होते. खोली आहे, सामान आहे, पत्ता चुकीचा. विंडोजच्या मूळ पेनड्राइव्हने यंत्र सुरू करून तिने बीसीडीबूट नावाची एका ओळीची आज्ञा दिली. ती राखणदाराचा सारा लेख विंडोजच्या फोल्डरवरून नव्याने तयार करते. त्यानंतर पडद्यावर दुकानातील नेहमीचे, वेरूळच्या कैलास लेण्याचे चित्र आले.

सगळे उठू लागले तर तिने बसवून ठेवले. माहितीची प्रत काढल्याशिवाय ती जाणार नव्हती. आता दाजींकडे दोन वेगळ्या डिस्क आहेत. एक आठवडा एक, पुढच्या आठवड्यात दुसरी; जी वापरात नसते ती दुकानात नव्हे, घरी असते, आणि कोणतीही डिस्क काम झाल्यावर यंत्राला लावून ठेवायची नाही. मी त्यात बँकेची एक सवय घुसडली : महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून, बाकी जुळते का ते पाहून, तारखेनिशी वहीत सही करायची. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच. जीएसटीच्या नियम ५७ मध्येही हेच आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य प्रत ठेवावी आणि अपघाताने नोंदी नष्ट झाल्यास वाजवी काळात त्या परत उभ्या करता याव्यात, असे तो सांगतो. हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात, हे आपल्याला ठाऊक असते. हा नियम फारसा कोणी वाचलेला दिसत नाही. जुनी डिस्क तिने पाकिटात बंद करून वर तारीख घातली, आणि तीन महिने तरी पुसू नका असे बजावले.

रात्री भाच्याने उधारीची यादी कागदावर छापली. दाजी चष्मा लावून एकेका नावावर बोट ठेवत खाली आले. सिल्लोडच्या एका नावाशी बोट थांबले. "हा दसऱ्याआधी अकरा हजार देऊन गेला होता. इथं दिसत नाही. बघ, गेलंच ना काहीतरी!"

भाचा यादीकडे न पाहता म्हणाला, "बाबा, ते तुम्ही चिठ्ठीवर लिहून जाकिटाच्या खिशात ठेवलं असेल. मला कुठं दिलंत?"

बहिणीने खुंटीवरचे जाकीट काढून आणले. आतल्या खिशातून चार चिठ्ठ्या निघाल्या. दाजींनी त्या यादीवर ठेवून मुलाकडे सरकवल्या, आणि चौथीवरचे अक्षर लागेना म्हणून दोघे दिव्याखाली ती वाचत बसले.